ईनबाईची खिरापत

साठी उलटली तरी भुलाबाई सोडायची नाही, असं आम्हा तिघींचं ठरलेलं आहे. घरचे हसतात. हसेनात का! आर्णीला एका गल्लीत वाढलो, एकीच्या घरची भाजी दुसरीच्या ताटात पडली. पुढं एक दारव्ह्याला नांदायला गेली, एक वणीला, मी आर्णीतच राहिले. तरी कोजागिरीला आळीपाळीनं एकीच्या घरी जमायचं म्हणजे जमायचं. मग शेतात सोयाबीन काढायला का आलेलं असेना.

भुलाबाई हा खरं तर पोरीबाळींचा खेळ. मातीची भुलोजी-भुलाबाई मांडायची, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. पण खिरापत सुखासुखी मिळत नाही. जिनं आणली ती डबा झाकून धरते. बाकीच्यांनी तो हलवून, कान लावून, नाक लावून, आत काय ते ओळखायचं. नाही जमलं तर 'हरलो' म्हणायचं, तेव्हा झाकण उघडतं.

या खेळात माझी वणीची मैत्रीण म्हणजे बाप माणूस. तिच्यापुढं आम्ही दोघी पाणी भरतो. एकदा मी चिक्की वाजू नये म्हणून फडक्यात गुंडाळून नेली. तिनं डबा नुसता उचलला आणि म्हणाली, "आधी फडकं काढ, मंग चिक्की दे." हरणं तिला ठाऊकच नाही, आणि हरवल्यावर ती असं काही चिडवते की डोक्यात जाते. तरी तिच्यासारखी बाई मी पाहिली नाही. तिच्या मुलानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, झरी जामणीकडची कोलाम आदिवासींची मुलगी केली, तेव्हा भाऊबंदांनी कमी का बोलून घेतलं? हिनं एकच सांगितलं, "सून माह्या घरी येऊन राह्यली, तुमच्या नाही." आणि मांडवात सगळ्यांत पुढं उभी राहिली.

मागच्या कोजागिरीला पाळी वणीची होती. तिचा आधीच फोन आला. "औंदा ईनबाईले बलावलं आहे." ईनबाई म्हणजे तिची विहीण, सुनेची आई. ती लग्नात आली तशी गेली होती, मांडवात जेवलीसुद्धा उभ्याउभ्या. त्यानंतर वर्ष उलटत आलं तरी तिनं लेकीच्या घराचा उंबरा चढला नव्हता. मैत्रिणीला तेच खात होतं. म्हणाली, "ती एकदा माह्या घरी मांडी घालून, पोटभर जेवून गेली न, तं दोन घरं जुळली म्हण. नाही तं कायचं लग्न अन् कायचं काय!"

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. कोळशाच्या ट्रकांनी अंगणातल्या तुळशीवर धूळ बसवली होती, पण घरात भरड्याच्या वड्यांचा वास दरवळत होता. सून उठली की मैत्रीण लगेच म्हणायची, "राहू दे बेटा, तू बस. मी करतो." सुनेनं आमचे कप उचलले तर ते तिच्या हातातून काढून घेतले. दारव्हेवाली माझ्या कानाशी लागली, "असी सासू मले भेटली असती तं मी तिले पाटावर बसवून पुजली असती." मीही मान डोलावली.

ईनबाई आली. काळीसावळी, ताठ कण्याची बाई. मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा घेऊन भिंतीशी बसली. पाणी घेतलं, वड्याला मात्र हात लावला नाही. मैत्रिणीचा चेहरा उतरलेला मला दिसत होता.

गाणी झाली. माझा डबा मैत्रिणीनं पहिल्या झटक्यात ओळखला, दारव्ह्याचा दुसऱ्या. मग ईनबाईचा डबा तिच्या हातात आला. आता मोहाच्या फुलांचा वास काय झाकून राहतो? मला तो चार हातांवरून आला. आणि हिनं डबा हलवला, नाकाशी नेला, उगीच कपाळाला आठ्या घातल्या आणि डबा परत देत म्हणाली, "नाही बा. हरलो मी."

माझा ऊर भरून आला. हिनं, आणि आपणहून हार घ्यावी! ईनबाईसाठी हिनं तेही केलं.

ईनबाईनं मात्र झाकण उघडलं नाही.

"ईनबाई, तुम्ही ओळखलं होतं," ती माझ्या मैत्रिणीला म्हणाली. "मंग हरल्या काहून?"

"अवं, तुम्ही पाहुण्या. पहिल्यांदा आल्या..."

"तेच तं." तिचा आवाज चढला नव्हता. "पोरगी फोनवर सांगते, माय, इथं सगळे लय चांगले आहेत. मले गॅसजवळ जाऊ देत नाहीत, कप उचलू देत नाहीत. साल होत आलं, अजून पाहुणीच काय ते? म्हटलं, आमच्या हातचं चालत नाही काय या घरात? तेच पाहाले आलो मी."

सून मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. कोणी दुसरी सासू असती तर शपथा घेतल्या असत्या, सुनेचे किती लाड केले ते मोजून दाखवलं असतं. माझ्या मैत्रिणीनं मात्र डबा पुढं ओढला.

"मोहाचे लाडू," ती म्हणाली. "तीळ आहेत त्यात. अन् पाक जरा कडक झाला आहे तुमचा."

"झाला खरा," ईनबाई म्हणाली.

हिनं झाकण काढलं, लाडू फोडून तोंडात घातला आणि भरल्या तोंडानंच सुनेवर ओरडली, "अवं पोरी, पाहून काय राह्यली? दूध उतू चाललं तिकडं! ऊठ, अन् साखर तूच घाल. मले विचारत नको बसू किती घालू ते!"

सून अशी पळाली की पदर दाराच्या कडीत अडकला. दोन मिनिटं झाली नसतील, आत कप फुटल्याचा खळ्ळकन आवाज झाला. ईनबाई ओशाळून उठायला लागली. "लहानपणापासून धांदरटच आहे जी ते."

मैत्रिणीनं तिचा हात धरून खाली बसवलं आणि वड्यांचं ताट तिच्यापुढं सरकवलं.

"बसा हो तुम्ही. तिच्याच घरचा कप होता, तिनं फोडला."