टाकी फुल

“चोक, वहिनी, चोक! डावीकडची काळी दांडी!”

मी फोनवर ओरडत होतो. स्कूटर होटगीहून जुळे सोलापूरकडे सुटलेली, मोबाईल हेल्मेटात कोंबलेला. माझा आवाज मूळचाच असा की फोन नसता तरी पोचला असता. वेळ १३१०, एप्रिल. डांबर इतकं पातळ झालेलं की टायर पळत नव्हता, पोहत होता.

“चोक वढला. दोरी बी वढली, पंधरा बारी,” वहिनी म्हणाल्या. “घेत न्हाय.”

“टाकी फुल आहे ना?”

“काठोकाठ.”

“मग घेणार. आलोच.”

वहिनींच्या घरात खाटेवर त्यांचा नवरा, हवालदार शिवशरण होता. तेरा वर्षं माझा जोडीदार, आता फुप्फुसं गेलेली, सदानकदा ऑक्सिजनच्या मशिनवर. १२०५ ला गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. इन्व्हर्टर तासभर टिकला. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर तळाला लागलेला. ॲम्ब्युलन्स निघाली होती. ती येईपर्यंतचा वेळ जनरेटरनं काढायचा होता, आणि जनरेटरची देखभाल माझ्याकडं होती.

लष्कराच्या नोकरीत आम्ही दोघं एका बर्फाच्या पोस्टवर होतो. बारा माणसं, एक जनरेटर. मी मेकॅनिक, तो रेडिओ ऑपरेटर. थंडी अशी की डिझेल ओतता येत नसे, सुरीनं कापून वाढावं लागे. मी माझी रजई इंजिनावर घालायचो आणि इंजिन सुखानं घोरायचं. हे मी कॉलनीत शंभरदा सांगितलंय. शिवशरण दर वेळी म्हणायचा, “घोरायचास तू. इंजिन बिचारं जागं असायचं की.”

त्यातली एक गोष्ट मात्र कधी वाढवून सांगितली नाही. कधी सांगितलीच नाही.

एका दुपारी वादळ आलं. टाकी अर्धी होती. मोकळ्या जागेत ओल धरली, पाणी नळीत उतरून गोठलं आणि जनरेटर बसला. बॅटऱ्या आधीच उतरलेल्या. गस्तीवरचा लान्स नाईक हणमंता सेटवर विचारत होता, “रस्ता दिसत नाही. कुठं वळू? ओव्हर.” शिवशरण म्हणाला, “खांबापासून डावीकडं...” आणि सेट मेला. हणमंता परत आला नाही.

त्या दिवशी मी स्टँडिंग ऑर्डर काढली: टाकी कधी मोकळी ठेवायची नाही. शिवशरणनं नुसती मान हलवली.

आजारपणात त्याला पेट्रोलवरचा घरगुती जनरेटर मीच घेऊन दिला. दर मार्चमध्ये, उन्हाळ्यात लाईट जायला लागायच्या आधी, सर्व्हिसिंग करायचं माझ्याकडं. यंदाही गेलो. चहा झाला, डिझेल कापल्याची गोष्ट झाली, शेजारीपाजारी जमले. मी टाकीचं झाकण उघडलं. फुल.

“रिपोर्ट ओके,” मी म्हणालो.

शिवशरण नाकातली नळी सावरत म्हणाला, “दोरी वढून तर बघ की.”

“कशाला? माझा आवाज ऐकला तरी चालू होतंय ते.”

सगळे हसले. तोही हसला, मग बराच वेळ खोकला.

१३३० ला पोचलो. दोरी ओढली. टाकीतून पेट्रोलचा वास येत नव्हता, जुन्या रंगाच्या डब्याचा येत होता. कार्बोरेटर खोलला. वाटीत हिरवट डिंक, पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट बंद. वर्षभर तेच पेट्रोल तसंच उभं राहून त्याचा डिंक झाला होता. पोस्टवर टाकी रोज संपायची आणि रोज भरायची, म्हणून ती ऑर्डर तिथं बरोबर होती. घरच्या मशिनचा हंगाम संपला की टाकी रिकामी करायची असते, कार्बोरेटर कोरडा पडेपर्यंत मशीन चालवायचं असतं. हे ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

वायरची एक तार काढून जेट मोकळा केला. जुनं पेट्रोल ओतून दिलं, स्कूटरचं काढून घातलं. एरवी मी सांगितलं असतं की डोळे मिटून चार मिनिटांत केलं. बावीस मिनिटं लागली. जेट दोनदा हातातून मातीत पडला.

१३५२ ला मशीन धडधडलं. मी आत ओरडलो, “लाईन ओके!”

थोड्या वेळानं वहिनी दारात आल्या.

“बंद करा, भाऊजी.”

ॲम्ब्युलन्स १४०० ला आली.

हणमंताचं नाव युनिटच्या दगडावर आहे. शिवशरणचं कुठल्याच दगडावर येणार नाही, म्हणून इथं लिहितो. हवालदार शिवशरण, रेडिओ ऑपरेटर. दिलेली ऑर्डर त्यानं शेवटपर्यंत पाळली.

जलदानविधीच्या दिवशी माणसं पांगल्यावर मी वहिनींना विचारलं, “मधी कधी पेट्रोल बदललं नव्हतं का?” उत्तर मला ठाऊक होतं. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, एवढ्यासाठी विचारलं.

त्या कप गोळा करत होत्या.

“बदलायचं कशाला? टाकी मोकळी ठेवायची न्हाय, असं तुमीच सांगितलं हुतं की. ह्ये दर रविवारी झाकण काढून बघायचे.”