हाताला लागलेले मासे

मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. बुधवारी नेहमीच्या मासेवाल्या मावशींच्या पाटीत सहा मरळ मासे होते, सगळे जिवंत. मी दोन मागितले.

"हे नाय द्यायचे, भाऊ. खड्ड्यात पुरायचेत."

"अहो, हलताहेत अजून!"

"झिंगलेत ते. द्राक्षांवर फवारणी झाली, वरून पाऊस पडला, सगळं औषध ओढ्यात उतरलं. आमच्या मालकानं जाळं न टाकता हातानं उचलून आणले. पोटुशी लेक हाय ना घरी? डाळ कर तिला."

शिजवल्यावर औषध निघून जातं, असा माझा समज होता. तो चुकीचा होता. नात आता दोन वर्षांची आहे. त्या माशांनी नेमकं काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. पण आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या मावशींचा मी ऋणी आहे.