नळीपाशी बसायचं काम

गाडीला पंधरा वर्षं झाली की तिची सरकारी तपासणी होते. आमच्या गाडीची शुक्रवारी होती. नवऱ्याने तिच्यासाठी भंगारवाला आधीच ठरवून ठेवला होता, कारण सकाळी सुरू केली की ती निळा धूर सोडायची. शुक्रवारी नापास, शनिवारी भंगारात, इतका सोपा हिशेब. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. मी मात्र अकरा वर्षं तिच्यातून पांढरकवड्याहून मारेगावला शाळेत शिकवायला जाते. त्यामुळे तिचं काय करायचं हे त्यांनी ठरवावं, असं त्यांना वाटत होतं.

बुधवारी मिस्त्रीने बॉनेट उघडलं. हायवेलगतचं गॅरेज, शेजारी पंक्चरवाला.

"सील गेले, स्प्रिंगा ढिल्या. हेड काढाले लागते, बाई. पॅकिंग नागपूरहून येईन. सोमवार धरून चाला."

"शुक्रवारी तपासणी आहे."

"मंग सोमवारी कायले, देऊनच टाका ना भंगारात," मिस्त्री म्हणाला. नवऱ्याने इतक्या पटकन मान हलवली की मला दोघांचं संगनमत वाटलं.

मी पर्समधून कागद काढला. त्यावर नऊ कामं होती. सोबत महिनाभर आधी मागवून ठेवलेले नवे सील, स्प्रिंगा आणि एक नळीही होती. तिचं एक टोक प्लगच्या भोकात बसतं, दुसऱ्याला कॉम्प्रेसरचा पाइप लागतो. इंजिनातला व्हॉल्व स्प्रिंगच्या जोरावर वर, बंद राहतो. स्प्रिंग काढली की तो खाली सिलिंडरमध्ये पडतो, आणि पडला की हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढल्याशिवाय हाती लागत नाही. नळीतून हवा भरली की ती हवाच त्याला खालून दाबून धरते. मग वरची स्प्रिंग आणि तेल अडवणारं सील बदलता येतं, हेड जागच्या जागी राहतं.

मिस्त्रीने नळी उलटसुलट करून पाहिली. "तुमी मोबाइलवर पाह्यलं असन."

"हो. तीनदा."

"आमचे उस्ताद तं दोरीवर करत होते." पण नळी त्याला आवडलेली दिसली. कागदावरचं चौथं काम वाचून मात्र तो हसला. "पिस्टन वर आणून ठेवा? हवा आहे ना धराले, मंग पिस्टन कायले?"

"लिहिलंय म्हणून," मी म्हटलं. त्याने कुरकुरत आणला.

सातवं काम होतं: नळीपाशी माणूस बसवा. हे काम नवऱ्याला दिलं. त्यात करायचं काही नव्हतं. स्टुलावर बसायचं आणि पाइपला कोणी हात लावू नये एवढं पाहायचं. तीस वर्षं कचेरीत काम केलेल्या माणसाला हे जमावं, असा माझा अंदाज होता.

दोन सिलिंडर तासाभरात झाले. तिसऱ्यावर मिस्त्रीने स्प्रिंग दाबली, व्हॉल्वला अडकवणारे दोन छोटे लॉक काढले, स्प्रिंग उचलून बाजूला ठेवली. तेवढ्यात हैदराबादकडे जाणारा एक ट्रक थांबला. हवेचा कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याचा, आणि तो जेवायला घरी गेला होता.

"भाईसाहब, पिछले टायर में थोड़ी हवा मिल जाती..."

"हाँ हाँ, ले लो ना!" नवऱ्याचा आवाज आला. मी वळेपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने पाइप उपटून ड्रायव्हरला दिलेला होता. फुस्स झालं, आणि मग इंजिनातून बारीक टक् असा आवाज आला.

मिस्त्रीचे दोन्ही हात हवेतच राहिले.

"अहो, काय केलंत हे?"

"दोन मिनिटांचं काम आहे त्याचं. हवा-पाण्याले कोणी नाही म्हणते का?" मग आमचे चेहरे बघून, "परत लावू का पाइप?"

"आता कायले लावता साहेब?" मिस्त्री म्हणाला. "आता भंगारवाल्याले फोन लावा."

तो टॉर्च घेऊन वाकला. मला शनिवारी दारातून उचलली जाणारी गाडी दिसू लागली. मग तो हळूच म्हणाला, "अटकला व्हॉल्व. पिस्टनवर टेकून आहे. दांडीचं टोक दिसून राह्यलं." मी कागद धरला, चौथं काम त्याला दिसेल असा.

त्याने बारीक चिमट्याने दांडीचं टोक पकडलं. "आता दोरीच. उस्तादाची." कोपऱ्यातली सुती दोरी त्याने दाखवली.

"सुती नको. धागे आत राहतील."

"कापसाच्या जिल्ह्यात कापसाले नाही म्हणता?" असं म्हणत त्याने मागची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी कापायला सांगितली. ती मी कापली. वाळत असलेला पंक्चरवाल्याचा शर्ट नवऱ्याच्या हातात दिला आणि सांगितलं की हा धरून उभे राहा, कोणी मागितला तरी देऊ नका.

चिमटा माझ्या हातात आला. मिस्त्रीने पिस्टन जरा खाली नेला, प्लगच्या भोकातून दोरी आत सारत गेला, शेवट बाहेर लोंबता ठेवला आणि पिस्टन पुन्हा हळूहळू वर आणला. दोरीच्या गुंडाळीने व्हॉल्व वर रेटला. माझ्या चिमट्यातली दांडी वर सरकली आणि घट्ट बसली. नवीन सील आणि स्प्रिंग लागली, लॉक बसले, दोरी ओढून काढली. चौथा सिलिंडर गुरुवारी दोरीनेच झाला. गाडी सुरू केल्यावर आधीचा साठलेला धूर थोडा वेळ निघाला, मग थांबला.

शुक्रवारी तपासणाऱ्याने गाडी सुरू करायला लावली, मागे जाऊन उभा राहिला आणि कागदावर सही केली. आमच्या दोन दिवसांच्या कामाला त्याने अर्धं मिनिट दिलं.

परत येताना नवरा शेजारच्या सीटवर होता. भंगारवाल्याचा फोन आला.

"नाही बाप्पा, आता नाही देत," ते म्हणाले. "आम्ही दुरुस्त केली. हेड न काढता. त्यात काही नाही, फक्त नळीपाशी एक समजदार माणूस बसला पाहिजे."