ताटापुढची प्रार्थना

मधुकर साळव्यांची जेवणाआधीची प्रार्थना कोपरखैरण्याच्या ख्रिस्ती मंडळीत प्रसिद्ध होती, आणि ती काही चांगल्या कारणाने नव्हे. तांदूळ पिकवणाऱ्यापासून सुरुवात करून पावणे गावच्या, ते कामाला जात त्या कारखान्यातल्या सोबत्यांपर्यंत सगळ्यांबद्दल ते देवाचे उपकार मानत, तोवर रस्सा गार व्हायचा. त्यांची बायको राहीबाई एक डोळा उघडून म्हणायच्या, "अवो, देवालाबी दुसरी कामं असतील, आटपा आता." मधुकरराव डोळे मिटूनच हसायचे आणि आणखी दोन वाक्यं वाढवायचे.

गेल्या वर्षी घशाच्या कॅन्सरने त्यांचा आवाज नेला. ऑपरेशननंतर गिळणंही गेलं. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. मिक्सरमधून काढलेली पातळ डाळ राहीबाई मोठ्या सिरिंजने त्या नळीत सोडत. सुकटीचा वास आला की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या या माणसाची जीभ आता तोंडात नुसती पडून होती.

तेव्हापासून त्या घरातली प्रार्थना बंद झाली. राहीबाई ओट्याशी उभ्या राहून, नवऱ्याकडे पाठ करून, चार घास कोंबायच्या. वास बाहेर जाईल म्हणून फोडणीसुद्धा देत नसत. ज्याला घोटभर पाणी गिळता येत नाही त्याच्यासमोर बसून अन्नाचे आभार मानायचे, हे त्यांना पाप वाटे. मंडळीतल्या बायका भेटायला येत, "आहे त्यात समाधान मानावं, राहीबाई," असं सांगत आणि चहा पिऊन जात. त्यांना चहा गिळता येत होता, त्यांचं काय जातंय!

मधुकरराव दिवसेंदिवस मिटत चालले. चर्चलाही येईनात. माणूस देवावर रुसला, असं राहीबाईंनी मनाशी धरलं. तसा त्यांचा स्वतःचा रागही काही कमी नव्हता.

एका रविवारी त्या ओट्याशी भात कालवत होत्या. मधुकरराव मागून आले आणि त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. राहीबाई ओरडल्या, "अवो नका! ठसका लागंल!"

पण त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. बायकोला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसले आणि हात जोडले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी तिच्याकडे बोट केलं. तू म्हण.

राहीबाईंचा तोल सुटला. "काय म्हणू? कशाचं उपकार मानू? तुमच्या घशाचं?"

मधुकररावांनी नकारार्थी मान हलवली. ताट त्यांनी तिच्या पुढ्यात सरकवलं आणि तिच्या हनुवटीला हात लावला. तू जेवतेस, त्याचे. त्या चेहऱ्यावर भूक नव्हती, एकटेपण होतं. राहीबाईंना तेव्हा कळलं, की नवऱ्याच्या दुःखाला जपता जपता आपण त्यांची प्रार्थनाही त्यांच्यापासून काढून घेतली.

त्यांनी डोळे मिटले.

"देवा, ह्यो भात तू दिलास. ह्यांना न्हाई दिलास, ते मला पटलं न्हाई. पर मला दिलास, त्याचं उपकार. आमेन."

त्यांनी घास घेतला. तो रडण्याबरोबरच कसाबसा खाली उतरला. मधुकरराव समोर बसून होते, आणि ताट रिकामं होईपर्यंत ते उठले नाहीत.