मामाजींना ऐकू येणारा बेडूक

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, जवळजवळ बहिरे झाले होते. आमचं गाव सेनगावच्या वरच्या अंगाला, निजामाच्या मुलखात. माझं माहेर पैनगंगेपल्याड, वऱ्हाडात. मामाजींना काही सांगायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागे, आणि ते काम सासूबाईंचं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सुनेनं सासऱ्याच्या कानाशी तोंड नेण्याची रीत नव्हती, म्हणून मी नुसती मान हलवायची.

दुसऱ्या पावसाळ्यात, दिवस मावळताना, मामाजी ओसरीवर जेवत होते. हातातला घास तसाच धरून ते म्हणाले, "कोन वरडून राहिलं ते?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. गोठ्यामागच्या खोलगट लवणात पावसाचं पाणी साचलं होतं. कंगव्याच्या दातांवरून कुणी नख ओढत राहावं तसा कर्र-कर्र आवाज तिकडून येत होता. तो रोजचाच, आमच्या ध्यानातही नव्हता. आत्याबाई आधी चकित झाल्या, मग त्यांना रागच आला. इतकी वर्षं मी घसा फोडते ते ऐकू येत न्हाई अन् हे बराबर येतं, असं त्या मलाच बोलल्या. हे सोंग तर नव्हे, अशी शंका त्यांना आली. मलाही आली, पण मग एखादा माणूस वर्षानुवर्षं असं सोंग कशाला करील, तेही कळेना.

मामाजींच्या मते तो पक्षी. आत्याबाईंच्या मते किडा. मी शोधायला गेले. जवळ गेलं की आवाज बंद, मागं सरलं की सुरू. शेवटी गवताच्या बुडाशी एक बेडूक सापडला. अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा, टोकदार तोंडाचा, पाठीवर काळपट नक्षी. वाटीत झाकून घरी आणला. मामाजी बघून हसले. एवढ्याशा जिवाचा तो आवाज नव्हेच म्हणाले. बेडूकही वाटीत गप्प. माझाच माझ्यावरचा भरवसा उडाला.

मग एकदा उतरत्या उन्हात आत्याबाईच त्यांना लवणाकडं घेऊन गेल्या. मी मागं. तिघंही न हलता उभे राहिलो. बऱ्याच वेळानं मामाजींच्या पायापासून हातभरावर त्या बेडकानं गळा फुगवला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, डोक्याहून मोठा गळा, आणि त्यातून तो आवाज.

"ह्याच्यातून निघून राहिला व्हय?" मामाजी म्हणाले. आणि तिथंच उकिडवे बसले.

पुढं त्यांना तो नादच लागला. पाण्यावर पातळ पेजेसारखा थर दिसला, तो अंड्यांचा. मग पाण्यात काचेसारखी पिल्लं अधांतरी उभी राहायची. डोळे आणि पोट तेवढं दिसे, बाकी सगळं पाणीच. आम्ही त्यांना मासे समजलो. त्या माशांना पाय फुटले, शेपट्या गेल्या, आणि माशीएवढे बेडूक ओल्या चिखलावरून चालते झाले. पाणी आटल्यावर ते कुठं जातात याचं उत्तर मात्र एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. कुणी म्हणे मातीत, कुणी म्हणे ढगात. मामाजी काठीनं माती उकरत. एकदा शेणखताच्या ढिगाखाली त्यांना एक सापडला. तो जिवंत की मेलेला यावर घरात दोन मतं पडली, तोवर तो टुणकन निघून गेला.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या साली गावात राहणं धोक्याचं झालं. गुरं, शेत, घर सोडून आम्ही माझ्या माहेरी आलो. तिकडंही घरामागं पाणथळ होतं, आणि श्रावणात तसल्याच बेडकांनी संध्याकाळभर कान किटवले. मामाजी अंगणात बसून होते. त्यांनी विचारलं, "इकडं ते न्हाईत का?"

मी गोंधळले. आवाज तर चहूकडून येत होता. मी काही खूण करायच्या आत आत्याबाईंनी नकारार्थी मान हलवली.

नंतर चुलीपाशी मी विचारलं, काहून असं सांगितलं म्हणून. त्या भाकरी थापत होत्या. "घर गेलं, गुरं गेली," त्या म्हणाल्या. "आता कानबी पुरते गेले म्हनून कसं सांगू?"

त्यांना एकदा सोंग वाटलं होतं ते मला आठवलं. पण त्या संध्याकाळी त्यांच्याकडं बघताना त्या रागावल्या आहेत की रडताहेत, हे मला ओळखता येईना.

दसऱ्यानंतर आम्ही परतलो. घराचं एक दार नव्हतं, गोठा मोकळा होता. लवणातलं पाणी आटत आलं होतं. मामाजी तिथं गेले, काठी टेकून चिखल बघत राहिले. तांबूस चिखलावर माशीएवढी पिल्लं होती. त्यांनी आत्याबाईंना हात करून बोलावलं. त्या कधी नव्हे त्या शेजारी बसल्या आणि दोघं खाली बघत राहिली.

माहेरीही बेडूक होते, फक्त आपल्याला ऐकू आले नाहीत, हे मामाजींना कळलं होतं का? तिथल्या पाणथळात बेडकांचे फुगणारे गळे तर त्यांनी पाहिले असतीलच. हा विचार मी अजून करते, आणि एकदाही माझं मत ठाम होत नाही.