घरचं आहे, होईल

त्यांचं खरं नाव फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि तीही ‘अहो’वर वेळ मारून न्यायची. बाकी सगळा बाजार त्यांना व्होल्टराव म्हणायचा. गल्लीच्या टोकाला त्यांचं ट्रान्सफॉर्मर बांधायचं दुकान होतं. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास आणि अखंड व्याख्यान.

“वीजकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब चढवतो, म्हणून लांबच्या तारांत वीज कमी वाया जाते. खांबावरचा उतरवतो, म्हणून तुमचा पंखा जळत नाही. आणि दवाखान्यातला आयसोलेशनवाला? दाब तेवढाच, पण दोन गुंडाळ्या तारेनं एकमेकींना जोडलेल्या नाहीत. पेशंटला झटका बसायला नको!” घंटीसाठी छोटासा ट्रान्सफॉर्मर न्यायला आलेला माणूस एव्हाना घड्याळाकडे बघत असायचा. पण व्होल्टरावांनी चहा मागवलेला असायचा, त्यामुळे बिचाऱ्याला उठताही येत नसे.

गिऱ्हाईक म्हणजे जीव की प्राण. घरच्या वस्तूंची गोष्ट वेगळी. इस्त्री, मिक्सर, दिवाणखान्यातला दिवा, सगळं टेबलाखाली धूळ खात पडलेलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, “घरचं आहे, होईल.” त्यांच्या तोंडी ‘घरचं’ म्हणजे ‘कधीतरी’ हे बायको लग्नानंतर लवकरच शिकली होती.

यंदा तिच्या बहिणीनं परदेशातून शिलाईचं मशीन पाठवलं. ते चालायचं एकशेदहा व्होल्टवर, घरात वीज दोनशेतीसची. त्यातच शाळेच्या बाईंनी तिला नाटकाचे झगे शिवायला दिले. तिच्या आयुष्यातलं हे पहिलं कमाईचं काम. शनिवारपर्यंत झाले नाहीत तर कापड दुसऱ्या शिंपिणीकडे जाणार होतं.

“अहो, एक उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाय.”

“स्टेपडाउन म्हण,” व्होल्टराव म्हणाले, आणि जेवता जेवता त्यांनी तिला स्टेबिलायझरमधल्या ऑटोट्रान्सफॉर्मरबद्दलही सांगितलं. त्याला एकच गुंडाळी पुरते, तांबं वाचतं, वगैरे. तिनं पुन्हा विचारलं. “घरचं आहे, होईल,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. तिला रडू आलं. मग राग आला, आणि रागाचा उपयोग जास्त झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा टॅक्सीवाला दुकानात गेला. “एका बाईंच्या शिलाई मशीनसाठी हवाय, दोनशेतीसचे एकशेदहा. घाई आहे.”

“बाईमाणसाचं काम अडलंय आणि तुम्ही आत्ता सांगताय?” व्होल्टराव कळवळले. हातातलं काम बाजूला सारून त्यांनी स्वतः तार गुंडाळली. चुकून उलट्या बाजूनं जोडला तर हाच दाब चढवेल आणि मशीन जळेल, म्हणून दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या. संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर तयार. “बाईंना म्हणावं, काही अडलं तर बिनधास्त या. आपलंच दुकान समजा.”

रात्री ते घरी आले तेव्हा मशीन धडधडत होतं. खुर्चीवर शिवून झालेला पहिला झगा, आणि मशीनच्या पायाशी त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेला ट्रान्सफॉर्मर.

व्होल्टराव दारातच थबकले. त्यांना सगळं कळलं, आणि लाज वाटली.

बायकोनं मशीन थांबवलं नाही. दोरा तोडता तोडता म्हणाली, “गिऱ्हाइकांशी किती गोड बोलता हो तुम्ही!”