मोठ्या मायचा पट्टा

आईच्या पित्ताशयातले खडे जळगावला दुर्बिणीतून काढले, तेव्हा धरणगावात हे नवीनच होतं. भेटायला येणाऱ्या बायांना तिच्या पोटावर टिकलीएवढ्या चार जखमा दिसायच्या. "एवढंच?" म्हणत त्या ऐसपैस बसायच्या, आणि चहा ठेवायला आईच उठायची. मला संताप यायचा.

मोठी माय, म्हणजे थोरली काकू, हिचं हेच ऑपरेशन पूर्वी पोट चिरून झालं होतं. तिला तर दोन महिने कुणी भरला तांब्या उचलू दिला नव्हता. तिने ट्रंकेतून आपला तेव्हाचा रुंद पट्टा काढला आणि आईच्या साडीवरून सैलसर बांधला.

"आते बठ्ठासले दिसी," ती म्हणाली. आईचं ऑपरेशन आता सगळ्यांना दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, पट्ट्याकडे बघितलं, आणि स्वतःच चहा ठेवायला गेली.